कारखानीसकाकांचे बुवा

अंगाला अत्तर लावून रॅप ऐकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. अरविंद कारखानीस. ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये आमच्या समोरच्या घरात राहायचे. साठी जवळ आलेली, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात वरचा हुद्दा, अंगात कायम कडक इस्त्रीचा शर्ट, आणि चेहऱ्यावर असा भाव की दारात पार्सल ठेवायला आलेला माणूससुद्धा उगाच सरळ उभा राहायचा. मागच्या वर्षी ते घर विकून गेले. आता समोर एक गोड स्वभावाचं जोडपं राहायला आलंय. रोज हसून हात करतं. मला त्यांचा अतोनात कंटाळा येतो.

काकांचा जीव अडकला होता एका इंग्लिश रॅपरमध्ये. त्याचं नाव ओल्ड पेनी, पण काकांच्या तोंडून ते नाव मी कधी ऐकलं नाही. ते त्याला 'बुवा' म्हणायचे. "आज बुवांचा आवाज लागलाय." "ही जागा बुवांनी कशी अलगद घेतली बघ." नव्या माणसाला वाटायचं, ग्वाल्हेर-किराण्याचं काहीतरी चाललंय, आपण गप्प बसावं. मग काका फोन काढून फोटो दाखवायचे. फोटोत हुडी घातलेला, पुढचा एक दात सोन्याचा केलेला, कॅमेऱ्याला मधलं बोट दाखवणारा किडकिडीत पोरगा असायचा. समोरच्याचा चेहरा पडला की काकांना मनापासून आनंद व्हायचा.

बुवा आपल्याला कसे सापडले ते काका रंगवून सांगायचे. पुष्कळ वर्षांपूर्वी कंपनीनं त्यांना दोन वर्षांसाठी इंग्लंडला पाठवलं होतं. माधवीकाकू आणि छोटी रेवा, त्यांची एकुलती एक मुलगी, शाळेसाठी इथेच राहिल्या. काकांना तिथे जो फ्लॅट मिळाला त्याच्या भिंतींना ओल होती. कपडे, उशा, सगळ्याला बुरशीचा वास. शेवटी एक दिवस हे तक्रार घेऊन भाडेकरूंच्या सभेला निघाले आणि चुकून शेजारच्या हॉलमध्ये शिरले. तिथे वीस-पंचवीस माणसं उभी होती आणि हा पोरगा माइक धरून भिंतीच्या ओलीबद्दल काहीतरी भडाभडा बोलत होता. "शलाका, माझीच तक्रार," काका मला सांगायचे, "तीसुद्धा यमकासकट. मी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. म्हटलं, आता मी वेगळं काय सांगणार?"

इथे परत आल्यावर त्यांनी बैठक सुरू केली. महिन्यातून एका रविवारी, सकाळी, गॅरेजमध्ये. दोन्ही गाड्या बाहेर रस्त्यावर, आत सतरंजी, लोड, तक्के, तबकात लवंग-वेलदोडे. दारात काका स्वतः प्रत्येकाच्या मनगटाला अत्तर लावायचे. मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही, फोन काकूंच्या टोपलीत टाकायचा. पंखा बंद, कारण त्याची घरघर बुवांच्या खालच्या स्वरात मिसळते. ॲरिझोनाच्या जून महिन्यात बंद गॅरेजमध्ये बिनपंख्याचं बसणं म्हणजे काय ते ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. आम्ही जायचो, कारण नंतर काकूंच्या हातची साबुदाण्याची खिचडी असायची.

एकदा माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, डुलकी लागली आणि तो चक्क घोरायला लागला. काकांनी रेकॉर्ड थांबवली. "मिलिंद, बुवा इथे ताल मुद्दाम सोडून शब्द टाकतायत, आणि तू तालात घोरतोयस. लोकांचं लक्ष तुझ्याकडे जातंय." मिलिंद आजही रॅप कानावर पडला की दचकतो.

माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या तेव्हा मी त्यांना बैठकीला नेणार नव्हते. बुवांच्या एका कडव्यात जेवढ्या शिव्या असतात तेवढ्या आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत मिळून झाल्या नसतील. पण काका स्वतः येऊन आमंत्रण देऊन गेले. सासूबाई लोडाला टेकून, पदर सावरून, अख्खं गाणं शांतपणे ऐकत बसल्या. संपल्यावर म्हणाल्या, "हा एवढा कोणावर रागावलाय?"

"नगरपालिकेवर," काका म्हणाले. "घराची ओल काढून देत नाहीत. आईला दमा आहे."

"मग बरोबर आहे त्याचं," सासूबाई म्हणाल्या, आणि तबकातली लवंग उचलली. काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू इतकी वर्षं मीच अडाणी होते. पुढे सासूबाई सांगलीहून फोन करायच्या तेव्हा माझ्या तब्येतीच्या आधी त्या पोराच्या आईचा दमा विचारायच्या.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, आणि मी नेतच होते. पण त्या घरात बुवांचं एक वेगळं काम होतं, ते मला हळूहळू कळलं. रेवा इथे वाढलेली. काका मराठीत बोलणार, ती इंग्लिशमध्ये उत्तर देणार, आणि तिसऱ्या वाक्याला दोघं भांडणार. होमवर्क, मित्र, कपडे, कॉलेज, विषय कुठलाही असो. फक्त शाळेत सोडायला जाताना गाडीत बुवा लागले की काका एक ओळ म्हणायचे आणि रेवा मागच्या सीटवरून पुढची. सोळाव्या वर्षी ती खोलीचं दार लावून बसायची तेव्हाही काका बाहेर उभे राहून ओळ म्हणायचे, आणि आतून रागारागानं का होईना, पुढची ओळ यायची. ती लॉस एंजेलिसला नोकरीला गेली, त्यानंतर हे फोनवर सुरू झालं. एक ओळ यांची, एक तिची. काकू म्हणायच्या, "माझ्याशी बोलते त्यापेक्षा त्या सोन्याच्या दातवाल्याच्या निमित्तानं बापाशी जास्त बोलते. असू दे. काहीतरी धागा आहे ना."

आणि मग बुवांचा नवा अल्बम आला. 'एव्हरीबडी इन'. नावातच सगळं आलं. या, सगळे या, चपला बाहेर काढा आणि आत बसा. त्यातलं मुख्य गाणं एका मोठ्या पिकअप ट्रकच्या जाहिरातीत वाजलं आणि अमेरिका खुळावली. डेंटिस्टकडे तेच, जिममध्ये तेच, इंडियन स्टोअरमध्ये कोथिंबिरीच्या जुड्या निवडताना तेच. माझ्या ऑफिसातली रिसेप्शनिस्ट ते गुणगुणायला लागली. बुवांनी सोन्याचा दात काढून टाकला होता आणि ते सकाळच्या टीव्ही कार्यक्रमात पॅनकेक उलटवत होते.

काकांना सुतकच लागलं. "पूर्वी बुवा स्वतःशी बोलायचे, आपण चोरून ऐकायचो. आता ते पार्किंग लॉटला उद्देशून बोलतात." मी म्हटलं, काका, लोकांना आवडलं तर बिघडलं काय? तर म्हणाले, "लोकप्रिय होणं हा गुन्हा नाही, शलाका. पण पुरावा जमत चाललाय." टीव्हीवर ती जाहिरात लागली की हा साठीचा माणूस सोफ्यावरून उडी मारून रिमोटवर पडायचा आणि आवाज बंद करायचा. ज्यानं कोणी हे गाणं ट्रकला जुंपलं त्याच्या नावानं रोज एक नवी शिवी. शिव्या बुवांकडूनच शिकलेले, त्यामुळे दर्जा चांगला होता.

संक्रांतीला आमच्या मंडळाचा कार्यक्रम होता. आम्ही आठ-दहा बायकांनी त्याच गाण्यावर लेझीम बसवली होती. होय, मीही होते. नऊवारी, नथ, आणि बुवा. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी काकूंकडे तिळगूळ वळायला गेले तर रेवा ओट्यावर बसलेली. न कळवता आली होती, आणि डोळे सुजलेले.

"मावशी, आय हॅव टू टेल बाबा समथिंग," ती म्हणाली. "ते ट्रकचं. मी केलं."

मला आधी कळेचना. काकांनी तर आम्हाला सांगितलं होतं की ती मार्केटिंगमध्ये आहे. तर तिचं काम असं, की कुठल्या जाहिरातीखाली कुठलं गाणं वाजेल ते निवडायचं आणि कापून बसवायचं. बुवांचं गाणं ट्रकसाठी हिनं सुचवलं, हिनं भांडून मान्य करून घेतलं. "आय थॉट बाबा विल बी सो प्राउड. त्याचा माणूस, ऑल ओव्हर अमेरिका. मी केलं ते, फॉर हिम. आणि आता रोज फोनवर तो मला सांगतो की ज्यानं केलं तो गाढव आहे."

काकूंच्या हातातला लाडू तसाच राहिला. "सांग त्यांना," त्या म्हणाल्या. "कार्यक्रम झाला की सांग. चिडतील आणि विसरतील." पण त्यांचा आवाज काही तसं म्हणत नव्हता. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हा धागा तुटला ना, तर या दोघांत दुसरं काही नाही गं."

दुपारी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम सुरू झाला. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना अवदसा आठवली. त्यांना वाटलं, कारखानीस या गायकाचे जाणकार, तर लेझीमच्या आधी त्यांनीच निवेदन करावं. 'दोन शब्द बोला.' ज्या माणसाला गाण्याचं रसग्रहण करताना मधल्या चहाचीही आठवण राहत नाही, त्याला दोन शब्द बोला म्हणायचं. मी पडद्याआड लेझीम धरून उभी. समोर तिसऱ्या रांगेत काकू आणि रेवा.

काका बोलायला लागले. बुवांचा पूर्वेतिहास, ओल, आईचा दमा, पहिल्या दोन अल्बमची थोरवी, तिसऱ्यातली घसरण. लोक हसत होते, काका रंगात येत होते. आणि मग ते ट्रकवर आले. "मित्रहो, या गाण्याचा खून बुवांनी केलेला नाही. तो कुठल्यातरी ऑफिसात बसलेल्या एका बहिऱ्या माणसानं केला. त्याला कान असते तर त्यानं हे पाप केलं नसतं. त्याच्या आईवडलांनी त्याला लहानपणी काही चांगलं ऐकवलं नसावं."

हॉल हसून लोटपोट. टाळ्या. तिसऱ्या रांगेत दोन बायका हसत नव्हत्या. काकूंनी रेवाचा हात धरला होता आणि रेवा सरळ समोर बापाकडे पाहत होती. त्यानंतर आम्ही नाचलो. काय करणार, नऊवारी नेसण्यात अर्धी सकाळ गेली होती. पण माझी पावलं कुठे पडत होती ते मलाच ठाऊक नाही.

बाहेर पार्किंगमध्ये तिनं सांगितलं. मी दोन गाड्या सोडून साडीचा काष्टा सावरत उभी होते, सगळं ऐकू येत होतं. "बाबा, तो बहिरा माणूस. दॅट्स मी."

काका हसले. मग हसायचे थांबले. त्यांना काय बोलावं ते सुचलं नाही, आणि न सुचलं की गप्प बसावं हे त्यांना कधी जमलं नाही. "तू?" ते म्हणाले. "तुला तर कळत होतं."

ओरडले असते तर बरं झालं असतं. रेवानं काकूंना मिठी मारली, टॅक्सी बोलावली आणि तिथूनच विमानतळावर गेली.

त्यानंतर अबोला. काका सवयीनं एक ओळ पाठवायचे, पलीकडून पुढची येत नव्हती. बैठक बंद झाली. गॅरेजमध्ये पुन्हा गाड्या उभ्या राहायला लागल्या. काकू माझ्याकडे येऊन बसायच्या आणि नुसते मटार सोलून द्यायच्या. होळीला रेवा येणार होती, ती आली नाही. "आता ती येणारच नाही बघ," एवढं एकदा म्हणाल्या आणि शेंगा पुढे ओढल्या.

माझं डोकं फिरलं. कचऱ्याचे डबे बाहेर लावायच्या दिवशी काका त्यांचा डबा ओढत आले तेव्हा मी रस्ता ओलांडून गेले. "काका, एक विचारू? ती जाहिरात तुम्ही ऐकलीत?"

"मी तसलं ऐकत नाही."

"म्हणजे एकदाही नाही?"

"आवाज बंद करतो मी."

"मग त्या दिवशी बोललात कशावर हो? आमच्या मिलिंदला अर्ध्या डुलकीसाठी सगळ्यांसमोर झापलंत, आणि स्वतः न ऐकता पोटच्या पोरीला बहिरी म्हणालात?"

काकांशी या सुरात त्या रस्त्यावर कोणी बोललं नव्हतं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता आपल्याशीही अबोला. ते डबा तिथेच सोडून आत गेले.

काकूंनी पुढचं सांगितलं. काका जाहिरात लावून बसले. एकदा, दोनदा, मग दिवसभर. कानाला मोठे हेडफोन. जेवायला उठेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली. दारात काका, शर्टाला इस्त्री नाही.

"तिनं श्वास ठेवलाय," ते म्हणाले.

"काय?"

"शब्द सुरू होण्याआधी बुवा श्वास घेतात. अल्बमवर तो कापून टाकलाय, सगळं गुळगुळीत केलंय. हिच्याकडे कच्चं रेकॉर्डिंग आलं असणार. अर्ध्या मिनिटाची जाहिरात, तिथे एकेका क्षणाची मारामारी, आणि त्यातला एक क्षण हिनं नुसत्या श्वासाला दिलाय. कोणी दिला नसता, शलाका. मीसुद्धा नसता दिला." मग दाराची चौकट धरून म्हणाले, "मी काय बोलून बसलो गं."

म्हटलं, हे मला काय सांगता, तिला सांगा. त्यांनी फोन केले. ती घेईना. मग निरोप ठेवले, आणि ते ऐकून काकूंनी कपाळावर हात मारला. 'श्वास उत्तम. शेवटी ट्रकचा हॉर्न मात्र अर्धी मात्रा लवकर येतो.' काकू म्हणाल्या, अहो, चुकलो म्हणा, एवढं साधं आहे. तर म्हणे, "दाद दिली की मी. आणखी काय?"

एप्रिलमध्ये बुवांचा दौरा फिनिक्सला आला. रेवाकडून काकूंना मेसेज आला. तिच्या ऑफिसकडे पास होते, कार्यक्रमाआधी तंबूत जाऊन बुवांना भेटायचे. आई, तू ये. शलाका मावशीला आण. आणि खाली एक ओळ, 'बाबा कॅन कम इफ ही वॉन्ट्स.' काकूंनी तो मेसेज मला इतक्या वेळा दाखवला की मला पाठ झाला.

काका आले. इस्त्री, अत्तर, सगळं. दुपारच्या उन्हात पांढऱ्या तंबूबाहेर रांग लागलेली, सगळ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुली आणि त्यांच्या कंटाळलेल्या आया. रेवा गळ्यात ओळखपत्र घालून आली. काकूंना, मला मिठी. बापाला नुसतं "हाय बाबा." काका म्हणाले, "हाय." मग आम्ही चौघं रांगेत पुढे सरकत राहिलो आणि दोघांपैकी कोणी तोंड उघडलं नाही. माझा जीव अगदी मेटाकुटीला आला.

आमची पाळी आली. बुवा समोर. फोटोत दिसतो त्यापेक्षा बुटका, दात पांढरे स्वच्छ, आणि अतिशय अदबशीर. काकांशी हात मिळवत म्हणाला, "ऑल राइट, सर? लाइकिंग द अल्बम?"

"नो," काका म्हणाले.

रेवानं डोळे मिटून घेतले. बुवांच्या मागे उभा असलेला रखवालदार एक पाऊल पुढे आला.

"फर्स्ट टू, एक्सलंट," काका सावकाश, कारखान्यातल्या मीटिंगसारखं बोलत होते. "दिस वन, यू आर शाउटिंग. बट द ट्रक ॲड इज व्हेरी गुड. इट इज बेटर दॅन युअर अल्बम. यू हॅव कट युअर ब्रेथ. शी केप्ट इट." आणि त्यांनी रेवाच्या खांद्यावर हात ठेवला. "माय डॉटर. शी मेड दॅट. आय सेड सम स्टुपिड थिंग्ज अबाउट इट, इन फ्रंट ऑफ पीपल. सो आय ॲम सेइंग दिस ऑल्सो इन फ्रंट ऑफ पीपल."

बुवांनी रेवाकडे पाहिलं. "दॅट वॉज यू? माय मम नोटिस्ड द ब्रेथ." रेवानं मान हलवली. काकू पदरानं नाक पुसत होत्या, आणि मीही काही फार वेगळं करत नव्हते.

फोटोग्राफर घाई करायला लागला, चला, बुवांच्या शेजारी उभे राहा. काकांनी खिशातून स्वतःचा फोन काढला, कॅमेरा सुरू केला आणि सरळ बुवांच्या हातात दिला.

"प्लीज," ते म्हणाले. "वन ऑफ अस."

त्याला क्षणभर कळलंच नाही. मग तो दोन पावलं मागे गेला, एक डोळा बारीक केला आणि म्हणाला, "क्लोजर, द पेअर ऑफ यू." काका सरकले. रेवा सरकली. रांगेतल्या मुली किंचाळायच्या थांबून बघत राहिल्या.

तो फोटो मी नंतर पाहिला. बुवांना कॅमेऱ्यातलं ओ का ठो कळत नाही. काकांचं अर्धं कपाळ कापलंय, खालच्या कोपऱ्यात बुवांचा अंगठा आलाय. रेवा रडून लाल झालीय आणि बापाकडे बघून हसतेय. आणि काका ताठ मानेनं समोर बघतायत, ही माझी मुलगी आहे, तू फोटो नीट काढ.